नम्र, पण चुकीचा सल्ला: पार्श्वभूमी

संगणक अडला की अनोळखी जाणकारांना विचारायचं, ही सवय युझनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचाइतकी जुनी. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना १९७९ मध्ये त्याची कल्पना सुचली आणि पुढच्या वर्षी ते सुरू झालं. तिथले जाणकार बरेचसे फटकळ. ‘आधी मॅन्युअल वाच’ हे शिवीसकट ऐकवलं जाई. मात्र चुकीचं उत्तर देणाऱ्याचेही चारचौघांत वाभाडे निघत.

दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, थोडा गोंधळ घालत आणि रुळत. १९९३ पासून नवख्यांचा ओघ थांबेचना. ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘आरएफसी १८५५’ ही शिष्टाचाराची नियमावली आली. रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर थांबून पाठवा, असं तीत सांगितलं आहे. बोलावं कसं, याची घडी बसत गेली. सल्ला तपासायचा कुणी, हे मोघमच राहिलं.

पुढे मदतीच्या जागांवर ठरावीक साच्याची उत्तरं रुळली. ‘तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत’, आणि खाली ‘एसएफसी स्कॅननाऊ’ चालवायची सूचना. ही कमांड विंडोजच्या बिघडलेल्या सिस्टीम फाइल्स शोधून बदलते. प्रिंटरची केबल सैल असेल तर ती काय करणार? मॅकवाल्यांकडे हाच मान ‘डिस्क परमिशन्स दुरुस्त करा’ला होता, २०१५ च्या एल कॅपिटन या मॅकच्या सिस्टीमच्या आवृत्तीत अ‍ॅपलने ती सोयच काढून टाकली. असे उपाय टिकतात, कारण ते करून झाल्यावर माणूस मशीन रीस्टार्ट करतो. बिघाड रीस्टार्टने जातो, श्रेय उपायाला मिळतं. शिवाय इतक्या गोड बोलणाऱ्याला ‘हे चूक आहे’ म्हणणारा उगाच उद्धट ठरतो.

२००८ च्या स्टॅक ओव्हरफ्लोने, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने, उलटी वाट धरली: ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’ काढून टाकायचे आणि चुकीच्या उत्तराला उणे मत द्यायचं. नवखे दुखावले. आपण नव्यांना आपलंसं करत नाही, हे कंपनीने २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केलं आणि नवी आचारसंहिता आणली. तरी विचारणाऱ्याने पसंत केलेलं उत्तर सगळ्यांत वर चिकटलेलंच असे, म्हणजे निवाडा बहुधा सर्वांत कमी माहिती असलेल्याचा. ती पद्धत २०२१ मध्ये गेली.

डिसेंबर २०२२ मध्ये तिथे चॅटजीपीटीच्या उत्तरांवर बंदी आली. ती दिसायला नीटनेटकी असतात, चुकीची निघण्याचं प्रमाण फार, आणि तपासायला माणसं पुरत नाहीत, असं कारण देण्यात आलं.