नळी घट्ट बसली म्हणजे जागा बरोबर, असं नाही

‘दवाखान्यातली नळी चुकीच्या जागी बसतच नाही, बसली म्हणजे बरोबर,’ असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरत असतो. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते खरं नाही.

सिरिंजचं टोक निमुळतं असतं, ६ टक्के उताराचं. त्याला ल्युअर म्हणतात. हाच जोड वर्षानुवर्षं शिरेच्या, पोटाच्या, अगदी बीपीच्या पट्ट्याच्या नळीलाही वापरला गेला. त्यामुळे पोटात जायचं पातळ अन्न शिरेत गेलं, पट्ट्याची हवा रक्तात गेली आणि जगात माणसं दगावली. म्हणून अशा जोडांचे आकार ठरवून देणारी आयएसओ ८०३६९ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आली. तिच्यात शिरेसाठी ल्युअर (भाग ७) आणि पोटाच्या नळीसाठी त्यात न बसणारा वेगळा जोड (भाग ३) आहे. नुसता रंग बदलून भागत नाही, अंधारात रंग दिसत नाही. आकारच वेगळा हवा. मात्र जुने जोड अजून वापरात आहेत.

यवतमाळ-गडचिरोलीकडे रात्री पेशंटजवळ घरचंच माणूस असतं. त्यानं नळी न ओढता, पेशंटच्या अंगापासून बाटलीपर्यंत नजरेनं तपासावी. निघालेली नळी स्वतः जोडू नका, सिस्टरला बोलवा. कितीही वाजले असोत, संकोच करू नका.