एचडीआर व्हिडिओचे एसडीआर रूपांतर

एचडीआर (उच्च गतिक पल्ल्याचा, म्हणजे अंधार ते उजेड यांतले मोठे अंतर पकडणारा) व्हिडिओ साध्या म्हणजे एसडीआर पडद्यावर नीट दिसावा यासाठी त्याच्या सिग्नलवर केली जाणारी प्रक्रिया. प्रकाशाचा पल्ला आवरण्याला टोन मॅपिंग म्हणतात, रंगांचा पल्ला आवरण्याला गॅमट मॅपिंग. ही दोन कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. रंग बिघडतात ते बहुधा त्यांचा मेळ न बसल्यामुळे.

एसडीआर चित्र १०० निटचा (निट हे पडद्याच्या उजळपणाचे एकक) पांढरा धरून ग्रेड करतात, म्हणजे त्याचा उजेड आणि रंग ठरवतात, आणि त्याचे रंग बीटी.७०९ मानकात बसवतात. एचडीआरसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे बीटी.२१०० हे मानक २०१६ साली आले. त्यात दोन वक्र (प्रकाश आणि सिग्नल यांचे नाते ठरवणारी सूत्रे) आहेत : १०,००० निटपर्यंत जाणारा पीक्यू, आणि बीबीसी व जपानच्या एनएचके यांनी मिळून घडवलेला एचएलजी. रंगांचा आवाका बीटी.२०२० चा, म्हणजे बराच मोठा. पीक्यूमध्ये १०० निटचा पांढरा सिग्नलच्या साधारण ५१ टक्क्यांवर येतो. हाच सिग्नल रूपांतर न करता साध्या गॅमाने, म्हणजे एसडीआरच्या वक्राने दाखवला, तर तो पांढरा जेमतेम २० निटचा उरतो. पांढरा शर्ट राखाडी दिसतो आणि सगळे चित्र मळकट, धुवून काढल्यासारखे फिके पडते. यावर सॅच्युरेशन (रंगांचा गहिरेपणा) वाढवणे हा उपाय नव्हे. त्याने चेहरे भडक होतात आणि वक्राची चूक तशीच राहते.

योग्य रीत अशी : आधी पीक्यू किंवा एचएलजी वक्र उलटवून सिग्नल रेषीय प्रकाशात (जिथे आकडा प्रकाशाच्या थेट प्रमाणात असतो) आणायचा, बीटी.२०२० चे रंग बीटी.७०९ मध्ये तिथेच न्यायचे, टोन मॅपिंग करायचे आणि मग गॅमा चढवायचा. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनात झेडस्केल व टोनमॅप हे फिल्टर याच क्रमाने जोडतात. लिबप्लासेबो ही सॉफ्टवेअर लायब्ररी हे सगळे एकत्र करते. पांढरा कुठे धरायचा हेही आधी ठरवावे लागते. बीटी.२४०८ या अहवालाने एचडीआरचा संदर्भ पांढरा २०३ निट धरला आहे. तोच १०० निट समजून चाललो, तर चेहरे आणि कपडे गरजेपेक्षा उजळ होतात.

खरी कसोटी लागते ती प्रखर, गहिऱ्या रंगांवर. समजा, ज्योतीच्या एका बिंदूत रेषीय प्रकाशात लाल ८, हिरवा ३ आणि निळा ०.५ आहे, आणि एसडीआरची कमाल मर्यादा १ आहे. राइनहार्डचे साधे सूत्र (मूल्य भागिले एक अधिक मूल्य) प्रत्येक रंगाला वेगवेगळे लावले, तर ०.८९, ०.७५ आणि ०.३३ मिळतात. लाल आणि हिरवा जवळजवळ बरोबरीला आले. नारिंगी ज्योत फिकी पिवळी झाली. तेच सूत्र फक्त उजळपणाला लावून तिन्ही रंगांना एकाच पटीने गुणले, तर गुणोत्तर टिकते, पण लाल १.६४ वर जातो. तो १ वर छाटला की छटा पुन्हा पिवळ्याकडे सरकते. तिन्हींतल्या सर्वांत मोठ्या मूल्यावरून पट काढली, तर छटा शाबूत राहते, मात्र ज्योत मंद पडते. म्हणून चांगली साधने गुणोत्तर राखून उजळपणा कमी करतात आणि मर्यादेबाहेर गेलेला रंग छटा न बदलता पांढऱ्याकडे झुकवतात. आयसीटीसीपीसारखे रंग-अवकाश याच कामाला येतात, कारण तिथे उजळपणा आणि रंग बरेच वेगळे हाताळता येतात. थोडा फिकेपणा पत्करावा, छटा बदलू देऊ नये. चेहऱ्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

काही बिघाड मॅपिंगचे नसून फाइलवरच्या टॅगचे (सिग्नल कोणत्या मानकाचा हे सांगणाऱ्या नोंदींचे) असतात. बीटी.२०२० चा सिग्नल बीटी.७०९ च्या मॅट्रिक्सने (सिग्नलमधून रंग काढण्याच्या गुणकांनी) उलगडला, की छटा सरकतात. डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकाराच्या प्रोफाइल ५ मध्ये रंगांची मांडणीच निराळी असते. ती न ओळखणारा प्लेअर चित्र हिरवे-जांभळे दाखवतो. तिथे टोन मॅपिंगची सेटिंगे बदलत बसण्यात अर्थ नाही. ती मांडणी जाणणारे साधनच हवे.

शेवटी १० बिटचा सिग्नल ८ बिटवर उतरतो, म्हणजे १,०२४ पायऱ्यांच्या २५६ होतात. आकाशात पट्टे दिसू नयेत म्हणून डिथरिंग (किंचित यादृच्छिक कण मिसळणे) करतात. नव्या फाइलवर बीटी.७०९ चे टॅगही लिहावेच लागतात. जुने पीक्यूचे टॅग राहिले, तर प्लेअर तिला एचडीआर समजतो आणि आधीच आवरलेल्या चित्रावर पुन्हा टोन मॅपिंग करतो.