टाचेतलं वाढलेलं हाड सोडा, त्या पट्ट्याकडे बघा

नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात सिमेंटच्या कोब्यावर आख्खी शिफ्ट उभं राहणारे, शाळेतल्या बाई, पोळ्या करणाऱ्या मावशी, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करून आलेले, सगळ्यांची तक्रार एकच. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत कळ जाते, थोडं चाललं की बरं वाटतं आणि संध्याकाळी परत ठणका. मग एक्स-रे काढतात, त्यात टाचेला काटा दिसतो आणि घरात चर्चा सुरू, हाड वाढलंय, आता ऑपरेशन. त्या काट्याला घाबरू नका हो. टाच अजिबात दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो असतो, आणि काटा तसाच राहून दुखणं जातं.

दुखतो तो बहुतेक वेळा प्लांटर फॅसिया, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला चिवट पट्टा. बसल्या जागी पायाचा अंगठा वर ओढा आणि दुसऱ्या हाताने तळवा चाचपा, ताणलेल्या दोरीसारखं लागेल, तोच तो. चालताना टाच उचलली, बोटं वाकली की हा ताणला जातो आणि पायाची कमान वर येते, हिक्स नावाच्या संशोधकांनी 1954 मध्ये हे छान मांडलंय. आता पोटऱ्या आखडलेल्या, वजन वाढलेलं किंवा वर्षभर बैठं काम आणि एकदम मोठी चाल, की टाचेजवळच्या टोकाला झीज होते. 2003 मधल्या एका अभ्यासात ऑपरेशनमध्ये काढलेले या पट्ट्याचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासले तर त्यात सूज नाही, झीजच दिसली, म्हणून नुसत्या पेनकिलरवर भागत नाही.

मग करायचं काय? सकाळी उठल्यावर पाय टेकवायच्या आधीच, पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढा, 10 सेकंद धरा, असं 10 वेळा, आणि दिवसातून तीनदा. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पट्ट्याला बळ देणं, आणि तेच कुणी करत नाही! जिन्याच्या पायरीच्या कडेला उभं राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, कठडा धरून एका पायावर टाच हळूहळू वर, 3 सेकंद, वर 2 सेकंद थांबा, 3 सेकंदात खाली. एक दिवसाआड. सोपं झालं की पाठीला सॅक, त्यात हळूहळू वजन. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात तीन महिन्यांनी हे करणारे नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा बरे होते, वर्षाने मात्र दोन्ही गट सारखेच, म्हणजे फायदा लवकर बरं होण्याचा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी जास्त ठणकलं तर कमी करा.

घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ स्लिपर घाला. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो खरा, पण टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, क्वचित पट्टाच तुटतो, त्यामुळे घाई नको. बहुतेकांचं ऑपरेशनशिवायच बरं होतं, फक्त महिने लागतात, वर्षही लागू शकतं.

पण टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जोरात दुखली, मुंग्या किंवा बधिरपणा आला, रात्री झोपेतही ठणकली, ताप-सूज असली, तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबरही आखडत असली किंवा डायबेटिस असला तर घरचे उपाय बाजूला ठेवून आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.