मिलीबग की मिलीबग खाणारी अळी? द्राक्षबागेतले दोन पांढरे जीव

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत खोडाची सुटी साल उचकटली आणि पांढरा पुंजका दिसला की हात लगेच औषधाच्या पंपाकडे जातो. जरा थांबा. त्या पुंजक्यात मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण असेल, तसाच त्याच्यावर जगणारा क्रिप्टोलिमस हा भुंगेरा अळीच्या रूपात असेल. दोघांच्याही अंगावर पांढरे मेण असते, म्हणून मित्रकीटक शत्रू समजून मारला जातो.

आधी आकार बघा. मिलीबगची वाढलेली मादी 3 ते 4 मिलिमीटरची असते. पिठात लोळवल्यासारखा तांदळाचा दाणाच म्हणा. क्रिप्टोलिमसची अळी पूर्ण वाढली की 13 मिलिमीटरपर्यंत जाते आणि तिच्या मेणाचे लांब, विस्कटलेले झुपके लोंबतात. म्हणजे मिलीबगच्या घोळक्यात एखादा ‘मिलीबग’ तिप्पट मोठा दिसला, तर तो मिलीबग नाही. लहान अळीत मात्र आकारावरून फसगत होते. तिथे काडीने हलकेच डिवचा. मिलीबग सोंड सालीत रुतवून रस शोषत असतो, तो जेमतेम हलतो. अळी चटकन चालू लागते, आणि उलटी केली तर भिंगातून पायांच्या तीन जोड्या स्वच्छ दिसतात. कापसासारखी पिशवी सापडली तर ती मिलीबगच्या अंड्यांची. एका मादीची अंडी पाचशेच्या घरात जातात. भुंगेऱ्याची मादीही याच पिशव्यांच्या आसपास अंडी घालते, कारण बाहेर पडलेल्या अळीला खाणे तिथेच मिळते.

प्रौढ भुंगेरा ओळखायला सोपा: मिलीबगएवढाच, काळपट, डोके आणि मागचे टोक नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 मध्ये आणला गेला.

या दोघांइतकीच महत्त्वाची मुंगी. मिलीबगच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. त्याच्यावर काळी बुरशी वाढून घड काजळतात, आणि तोच चिकटा मुंग्या खातात. त्या बदल्यात मुंग्या भुंगेऱ्यांना हुसकून लावतात. अळीचा मेणाचा वेष इथे उपयोगी पडतो, मुंग्या बऱ्याचदा फसतात. प्रौढ भुंगेऱ्याला ती सोय नाही. म्हणून मुंग्यांची रांग तशीच ठेवून भुंगेरे सोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आधी वारूळ शोधा, खोडाला चिकट पट्टी बांधा आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या पट्टी टाळून तिथून चढतात.

भुंगेरे हेक्टरी साधारण 5,000 सोडतात. ते बागभर उधळू नका, मिलीबग दिसलेल्या वेलींवर संध्याकाळी सोडा. मिलीबग फार विरळ असेल तर भुंगेरे टिकत नाहीत. सर्वांत मोठे नुकसान होते ते नंतरच्या फवारणीने. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले औषध उघड्यावरचे भुंगेरे मारते, सालीखालचा मिलीबग वाचतो आणि काही आठवड्यांत दुप्पट जोमाने वर येतो.

निफाडची थंडी पडली की भुंगेरे मंदावतात. नेमका त्याच सुमारास मिलीबग खोडावरून घडांकडे सरकू लागतो, त्यामुळे तोवर थांबलात तर उशीर होतो. पावसाळ्यातच साल तपासून भुंगेरे सोडलेले बरे.

तपासताना तपकिरी, फुगीर, ताठ झालेला, अंगाला बारीक भोक असलेला मिलीबग दिसला तर तो चिरडू नका. त्यातून परजीवी गांधीलमाशी बाहेर पडलेली असते. शेजारच्या बिनभोकाच्या तपकिरी मिलीबगमध्ये तिची भावंडे अजून वाढत असतील.