चित्रकाराने सांगितला तोच अर्थ अंतिम?

चित्रकार जे सांगतो तोच चित्राचा खरा अर्थ, हा समज जुना आहे, आणि चुकीचा. पिकासोच्या १९३७च्या ‘गेर्निका’ या युद्धविरोधी चित्रातला बैल घ्या. १९४५मध्ये पिकासो म्हणाला, बैल म्हणजे क्रौर्य आणि अंधार. पुढे म्हणाला, बैल म्हणजे बैलच. चित्र तेच, शब्द बदलले.

मग ऐकायचं कशाला? चित्र कसं घडवलं ते कळतं म्हणून. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची, खरवडायची बोथट सुरी) वापरत, हे कळलं की नजर आकार शोधणं सोडून रंगाच्या थरांवर जाते. असं विधान पृष्ठभागावर ताडून पाहता येतं. हेतूबद्दलचं विधान तसं ताडता येत नाही. हा फरक फार महत्त्वाचा.

आधी ऐकलं तर डोळे फक्त सांगितलेलंच शोधतात. म्हणून आधी पाच-दहा मिनिटं नुसतं पाहा, दिसलं ते दोन ओळींत लिहा, मग ऐका. ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न टाळा. उत्तर बहुधा पाठ केलेलं मिळतं. पहिला थर कोणता, काय खरवडून काढलं, कुठे आणि का थांबलात, हे विचारा. नंतर पुन्हा चित्रापुढे जा. एकदा जवळून, कडा आणि खालचे थर पाहत; एकदा लांबून. तुमच्या ओळींतलं जे तेव्हाही टिकतं, ते चित्रकार बोलला नसला तरी खोडू नका.