सिमेंटचा पत्रा उतरवताना

मे महिना लागला की गोव्यात छपरांची कामं निघतात. कौलांची शाकारणी, फुटक्या कौलांची अदलाबदल, गळक्या जागी डांबर. आणि हल्ली सर्वांत जास्त म्हणजे जुने सिमेंटचे पत्रे काढून रंगीत लोखंडी पत्रे चढवणं. पाऊस तोंडावर आलेला असतो, मेस्त (मिस्त्री) मिळता मिळत नाही, मिळाला तर त्याचा एक पाय दुसऱ्या कामावर असतो. मग दोन माणसं वर चढतात, पत्रे धरून ठेवणारे गंजलेले जे-बोल्ट हातोड्याने उडवतात आणि पत्रे वरूनच अंगणात फेकतात. अर्ध्या दिवसात छप्पर मोकळं. खराट्याने अंगण झाडलं की मजुरी घेऊन मंडळी मोकळी.

या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. आणि डोक्यावर राहून चाळीस वर्षांत त्या छपराने घरच्यांना जेवढा त्रास दिला नसेल, तेवढा या अर्ध्या दिवसात होऊ शकतो.

अ‍ॅस्बेस्टॉस हे कारखान्यात तयार केलेलं रसायन नाही, ते जमिनीतून निघणारं तंतुमय खनिज आहे. या नावाखाली सहा खनिजं येतात. त्यांतलं निळं आणि तपकिरी जास्त कुप्रसिद्ध. आपल्या पत्र्यांत मुख्यतः पांढरं, म्हणजे क्रायसोटाइल. त्याची घडण मोठी मजेशीर आहे. सिलिकाचा एक थर आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा एक थर एकमेकांना चिकटलेले असतात, पण दोघांची मापं जुळत नाहीत. त्या ताणामुळे जोडथर चटईसारखा गुंडाळला जातो आणि पोकळ नळी तयार होते. अशा एका नळीची जाडी मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढी भरते. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, ताणाला दाद देत नाहीत. ऑस्ट्रियातल्या लुडविग हॅचेक याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सिमेंटमध्ये मिसळून पातळ, हलके, स्वस्त पत्रे काढण्याची रीत बसवली. आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या कैमोरला १९३४ साली असा कारखाना उभा राहिला. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी बहुतेक सिमेंट.

परदेशी माहितीपत्रकं वाचली तर तिथे एक सोपा नियम सापडतो: अमुक सालाआधीचं घर असेल तर जपा. ब्रिटनने १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ मध्ये बंदी घातली. साठाहून अधिक देशांनी तो रस्ता धरला. आपल्याकडे हा नियम चालत नाही. भारताने अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचे परवाने देणं थांबवलं, पण आयात चालूच राहिली; रशियाहून, कझाकस्तानाहून, ब्राझीलहून ते येत राहिलं. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा आपल्या बाजारात राजरोस विकला गेला आणि विकला जातो. त्यामुळे घर किती जुनं हा प्रश्न गोव्यात जवळजवळ उलटा करून विचारावा लागतो. शंभर वर्षांच्या घरावर मंगळुरी कौलं असतील, तिथे अ‍ॅस्बेस्टॉस नसेलही. ते सापडेल त्याच घराला १९८५ मध्ये जोडलेल्या न्हाणीवर, गोठ्यावर, कुळागरातल्या मांगरावर, मागच्या पडवीवर, भाड्याने द्यायला बांधलेल्या खोल्यांवर. छपराबाहेरही बघावं: पावसाचं पाणी उतरवणारे राखाडी सिमेंटचे पाइप, जुनी सिमेंटची टाकी, छताखाली ठोकलेले सपाट तक्ते, आणि छपरावरून उतरून कोंबड्यांच्या खुराड्याला नाहीतर खड्ड्याच्या झाकणाला लागलेला अर्धा पत्रा.

नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रेही हुबेहूब तसेच दिसतात. मोडक्या कडेला भिंग धरलं तर तंतूंचे झुबके बाहेर आलेले दिसतात खरे, पण ते कशाचे हे प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. बिल नसेल, छाप पुसलेला असेल, तर ते अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालावं.

धडधाकट पत्रा आपणहून फारसं काही करत नाही, कारण तंतू सिमेंटमध्ये घट्ट रुतलेले असतात. फक्त गोव्यात पत्रा धडधाकट किती दिवस राहतो हा प्रश्न आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते सिमेंटमधला चुना हळूहळू विरघळवून नेतं. वर शेवाळ बसतं, ओल धरून ठेवतं, पृष्ठभाग आणखी भुसभुशीत होतो. जुन्या पत्र्याचा खरखरीतपणा हाताला लागतो तो यामुळे. सुटलेला अंश पागोळ्यांबरोबर वाहून पन्हळीत साचतो आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात त्याची माती होते. पन्हळ साफ करताना ती कोरडी खरवडायची नाही, भिजवून काढायची. आणि चवथीच्या आधी शेवाळ घालवायला हाय-प्रेशर पंप मारतात तो प्रकार तर पूर्ण बंद करायला हवा. त्या फवाऱ्याने शेवाळाबरोबर वरचा थरही सुटतो आणि भिंतींवर, शेजाऱ्याच्या वाळवणावर जाऊन बसतो. पागोळीचं पाणी पोटात गेलं तर काय, असं बायका हमखास विचारतात. पोटात गेलेल्या तंतूंनी अपाय होतो असा सुसंगत पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला मिळालेला नाही. भीती श्वासाची आहे.

श्वासातून जाणारे घातक तंतू तीन मायक्रॉनहून बारीक आणि पाच मायक्रॉनहून लांब असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास. डिचोली-सत्तरीत खाणीच्या ट्रकांची लाल धूळ ज्यांनी वर्षानुवर्षं पुसली, त्यांना धूळ म्हणजे दिसणारी, दातांत करकरणारी असंच वाटतं. ही तशी नाही. ती दिसत नाही, खोकला आणत नाही, आणि हवेत तासन्‌तास तरंगते. फुप्फुसाच्या तळापर्यंत गेलेला तंतू गिळून टाकायला भक्षक पेशी धावतात, पण लांब तंतू त्यांच्या पोटात मावत नाही. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत त्या दाहक रसायनं सोडत राहतात, आजूबाजूच्या पेशींच्या डीएनएला इजा होत राहते. वर्षानुवर्षं. त्यातून फुप्फुसं आखडणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो, जो अ‍ॅस्बेस्टॉसखेरीज क्वचितच आढळतो. पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसात निळ्यापेक्षा लवकर विरघळतं हे खरं, त्याचे विक्रेते तेवढंच सांगतात. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मात्र सहाही प्रकार मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहेत.

‘आम्ही जन्मभर त्याच पत्र्याखाली झोपलो, आम्हाला काय झालं?’ हे उत्तर गावात ठरलेलं. पण मेसोथेलिओमा उमटायला तीस-चाळीस वर्षं लागतात. १९६० मध्ये डॉ. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले, त्यांतले कित्येक कधी अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत उतरलेच नव्हते. काही जण लहानपणी खाणीजवळ राहिले होते, एवढाच त्यांचा संबंध. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं जपायला सांगितल्या, त्यामागे हाच हिशेब आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं गणित आणखी वाईट. १९७९ च्या एका अमेरिकन पाहणीत नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पाचपट, नुसत्या धूम्रपानाने दहा-अकरापट, आणि दोन्ही मिळून पन्नासपटीच्या वर गेलेला दिसला.

यावरून एक पत्रा फुटला म्हणून झोप उडवून घेण्याचं कारण नाही. अमुक मात्रेपर्यंत सुरक्षित अशी रेषा सापडलेली नाही, पण धोका मात्रेबरोबर वाढतो आणि साठत जातो. म्हणजे घरमालकापेक्षा कितीतरी जास्त धोका त्या मेस्तला, जो दर उन्हाळ्यात डझनभर छपरं उतरवतो आणि तेच कपडे घालून घरी जातो. ते कपडे धुणाऱ्या बायकांना झालेला मेसोथेलिओमा अनेक देशांत नोंदलेला आहे. माझ्या मते मजुरीचा भाव करताना हे डोक्यात असायला हवं. अर्ध्या दिवसाच्या कामाला दोन दिवस लागले तर दोन दिवसांचे पैसे द्यावेत.

काम नीट कसं होतं? ब्रिटनमध्ये पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं भुसभुशीत लेपण काढायला परवानाधारक पथक लागतं, बंदिस्त तंबू, आत कमी दाबाची हवा, शेवटी हवेची तपासणी. सिमेंटच्या पत्र्यांना तिथेही बहुतेक वेळा परवाना लागत नाही. प्रशिक्षण आणि शिस्त लागते. आपल्याकडे घरगुती पत्रे उतरवणाऱ्यांसाठी वेगळी परवानापद्धत नाही, तेव्हा ती शिस्त घरमालकालाच आग्रहाने मागावी लागते.

पहिली गोष्ट पाणी. पत्रा दोन्ही अंगांनी भिजलेला हवा, आणि भिजवायचा तो बारीक फवाऱ्याने. सुपारीवर बोर्डो हे बुरशीनाशक मारायचा पाठीवरचा पंप स्वच्छ धुऊन घेतला तर झकास चालतो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकले की ते पत्र्यात चांगलं मुरतं. बोल्ट हातोड्याने उडवायचे नाहीत. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून पान्याने सोडवायचे, नाहीच सुटले तर खालून बोल्ट-कटरने कापायचे. ग्राइंडर तर छपराजवळ आणायचाच नाही. त्याची चकती पत्र्यावर एक मिनिट फिरली तरी सबंध काळजी पाण्यात. पत्रा अख्खा सुटला पाहिजे, दोघांनी हातांत घेऊन दोरीने खाली सोडायचा.

इथे अ‍ॅस्बेस्टॉसहून तातडीचा धोका सांगायलाच हवा: जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. वर उभं राहिलेल्याच्या पायाखालचा पत्रा आवाज न करता मोडतो, आणि भिजवल्यावर शेवाळाने तो निसरडाही होतो. शक्य असेल तिथे परांची बांधून खालूनच काम करावं. नाहीतर वाशांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालावं आणि कमरेला पट्टा लावावा.

तोंडावर बांधलेला टॉवेल, सर्जिकल मास्क यांचा उपयोग नाही. पी-१०० फिल्टरचा किंवा एफएफपी-३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो; दाढीवर तो बसत नाही. अंगावर एकदाच वापरून टाकायचा सूट, जो काम झाल्यावर पत्र्यांबरोबरच बांधला जातो. घराची दारं-खिडक्या बंद, विहिरीवर आणि अंगणात प्लास्टिक, मुलं आणि म्हातारी माणसं दोन दिवस नातेवाइकांकडे. शेवटी खराटा नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, तुकडे ओले असतानाच हाताने वेचायचे, फडकीही टाकून द्यायची. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर हे तंतू मागच्या बाजूने परत हवेत सोडतो.

उतरलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून, वर आत काय आहे ते मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवावेत. ते फोडून भरावात घालणं, शेताच्या बांधाला लावणं, ‘गरजूला’ देऊन टाकणं म्हणजे तोच धोका दुसऱ्याच्या दारात नेणं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉसचा स्पष्ट उल्लेख आहे आणि सत्तरीत पिसुर्ल्याला घातक कचऱ्यासाठी सामायिक केंद्र आहे. पण नियम लिहिले गेले कारखाने डोळ्यांसमोर ठेवून. एका घराच्या वीस पत्र्यांची वाट त्यांत सरळ दिसत नाही. म्हणून पत्रे उतरवायच्या आधी, एप्रिलमध्येच, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी विचारणा करावी. एका वाड्यावरच्या पाच-सहा घरांनी मिळून पंचायतीमार्फत अर्ज केला तर वाहतुकीचा खर्चही वाटला जातो.

पत्रे चांगले असतील तर उतरवण्याची घाई नको. ओलसर फडक्याने शेवाळ पुसून, शेवाळनाशक औषध मारून, वर सिमेंटला धरणारा जाड रंग दिला तर ते काही पावसाळे निघतात. कडा सुटू लागल्या, तडे गेले, वरून तंतू दिसू लागले, तर मात्र बदलावेत. नवीन घेताना लोखंडी पत्रा किंवा कौलं घेतली तर प्रश्न नाही. सिमेंटचाच हवा असेल तर दुकानदाराकडून ‘अ‍ॅस्बेस्टॉसविरहित’ असं बिलावर लिहून घ्यावं, कारण दोन्ही प्रकार एकाच दुकानात एकमेकांशेजारी रचलेले असू शकतात आणि स्वस्त असतो तो बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचाच.