पूल नसलेली लढाई

११ सप्टेंबर १२९७ च्या सकाळी स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगजवळ इंग्रजांचं सैन्य फोर्थ नदी ओलांडू लागलं. नदीवर एक लाकडी पूल होता, इतका अरुंद की जेमतेम दोन घोडेस्वार शेजारी शेजारी जाऊ शकत. पुलापलीकडे नदीच्या वळणात मऊ, दलदलीची जमीन होती आणि त्यामागच्या उंचवट्यावर विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांचे भालाइत वाट बघत उभे होते. आपल्याला झेपेल इतकंच सैन्य त्यांनी पुलावरून येऊ दिलं. मग ते खाली धावत आले आणि त्यांनी पुलाचं तोंड अडवलं. पलीकडे गेलेल्या इंग्रजांना पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना. त्यांचा सेनापती, सरेचा अर्ल जॉन द वॉरेन, अजून अलीकडच्याच काठावर होता. आपली माणसं कापली जाताना बघण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरलं नाही. खजिनदार ह्यू क्रेसिंगहॅम तिथेच मारला गेला. घोडदळानं आणि शस्त्रांनी भारी असलेल्या शत्रूचे पुलानं दोन तुकडे केले, म्हणून स्कॉट लोक जिंकले. इतिहासात या लढाईचं नावच ‘स्टर्लिंग पुलाची लढाई’ आहे.

१९९५ मध्ये आलेल्या ‘ब्रेव्हहार्ट’ या चित्रपटात ही लढाई आहे, पण पूल नाही. नदीही नाही. एका मोकळ्या माळावर दोन सैन्यं समोरासमोर उभी राहतात, निळ्या रंगानं चेहरा माखलेला वॉलेस घोड्यावरून भाषण करतो आणि मग दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडतात. चित्रीकरणाच्या काळातला एक किस्सा सांगितला जातो. पूल का वगळला, असं एका स्थानिक माणसानं विचारलं तेव्हा दिग्दर्शक आणि नायक मेल गिब्सन म्हणाला, की पूल अडचणीचा होत होता. त्यावर तो माणूस म्हणाला, ‘हो, इंग्रजांनाही तोच अनुभव आला.’

या चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले. इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र तेव्हापासून त्यातल्या चुकांची यादी करायला घेतली, आणि ती यादी मोठी आहे. वॉलेसचे सैनिक ज्या तऱ्हेचे पट्टा बांधलेले किल्ट घालतात ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले, म्हणजे त्याच्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. निळा रंग फासून लढणाऱ्या ब्रिटनवासीयांची वर्णनं रोमन काळातली आहेत, म्हणजे वॉलेसच्या हजार वर्षं आधीची. चित्रपटात फ्रेंच राजकन्या इझाबेला वॉलेसच्या प्रेमात पडते आणि तिच्या पोटी त्याचं मूल वाढू लागतं. खरी इझाबेला १२९५ च्या सुमारास जन्मली. २३ ऑगस्ट १३०५ रोजी लंडनमध्ये वॉलेसला हालहाल करून ठार मारलं तेव्हा ती दहा वर्षांच्या आसपासची होती आणि फ्रान्समध्येच होती. इंग्लंडच्या राजाशी तिचं लग्न १३०८ मध्ये झालं. तिचा मुलगा तिसरा एडवर्ड १३१२ मध्ये जन्मला, वॉलेसच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. गावातल्या प्रत्येक नववधूवर पहिल्या रात्री इंग्रज सरदाराचा हक्क, ही चित्रपटाला वळण देणारी गोष्ट तर मध्ययुगातल्या कोणत्याही कायद्यात सापडत नाही.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया मात्र या यादीच्या भोवती फिरल्या नाहीत. स्टर्लिंगच्या ॲबी क्रेग टेकडीवर वॉलेसचं स्मारक १८६९ पासून उभं आहे; चित्रपटानंतर तिथे येणाऱ्यांची संख्या झपाट्यानं वाढली. १९९७ मध्ये स्मारकाच्या पायथ्याशी वाहनतळावर वॉलेसचा एक नवा पुतळा बसवला गेला, त्याचा चेहरा थेट मेल गिब्सनचा होता. काहींना तो फार आवडला, काहींना इतका संताप आला की त्याची मोडतोड झाली आणि तो जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावा लागला. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांबाहेर पत्रकं वाटली. स्कॉटलंडला स्वतःची संसद हवी का, यावरचं सार्वमत ११ सप्टेंबर १९९७ रोजी झालं, त्या लढाईला बरोबर सातशे वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, आणि ७४.३ टक्के लोकांनी होकार दिला. या निकालाचं श्रेय चित्रपटाला देणं चुकीचं ठरेल, ती मागणी कित्येक दशकं जुनी होती. पण तेराव्या शतकातला एक माणूस विसाव्या शतकाच्या शेवटी लोकांच्या बोलण्यात पुन्हा आला होता, आणि तो मुख्यतः पडद्यावरून आला होता.

चूक आहे हे माहीत असूनही माणसाच्या डोक्यात पडद्यावरचा इतिहास का टिकतो, हा प्रश्न गेली पंचवीसएक वर्षं मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तपासला आहे. मला यातला सर्वात बोलका वाटतो तो अँड्र्यू बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यांनी विद्यार्थ्यांना ऐतिहासिक घटनांवरचे अचूक लेख वाचायला दिले आणि त्याच घटनांवरच्या लोकप्रिय चित्रपटांतले तुकडे दाखवले. प्रत्येक तुकड्यात काही माहिती लेखाशी जुळणारी होती, काही लेखाच्या थेट विरुद्ध. आठवड्याभरानं परीक्षा घेतली आणि सांगितलं, की लेखात जे वाचलं तेच लिहा.

जिथे चित्रपट आणि लेख जुळत होते तिथे, फक्त लेख वाचलेल्या वेळेच्या तुलनेत, विद्यार्थ्यांना सुमारे दीडपट आठवलं. चित्रपट शिकवतो, यात शंका नाही. पण जिथे चित्रपट चुकीचा होता, तिथे जवळजवळ निम्म्या वेळा विद्यार्थ्यांनी पडद्यावरची चूकच उत्तर म्हणून लिहिली. खरी माहिती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली होती. तरी चूक लिहिताना त्यांना खात्री वाटत होती, की हे आपण लेखातच वाचलं.

या खात्रीचं मूळ स्मृतीच्या रचनेत आहे. ‘काय’ हे मेंदू जितक्या भक्कमपणे साठवतो, तितक्या भक्कमपणे ‘कुठून’ हे साठवत नाही. एखादी गोष्ट आठवते तेव्हा तिच्यावर उगमाचा शिक्का नसतो. ती वाचली, ऐकली, पाहिली की कुणी सांगितली, हे मेंदू त्या आठवणीच्या पोतावरून अंदाजानं ठरवतो. चित्र स्पष्ट असेल, बारकावे भरपूर असतील, तर तो अंदाज ‘हे खरं घडलेलं’ या बाजूला झुकतो. आणि चित्रपटाइतके बारकावे दुसरं काहीच देत नाही: चिखल, घोड्यांचा श्वास, ढालीवर आपटणारी तलवार. माळावरच्या त्या लढाईत पूल नाही ही गोष्ट आठवणीत जागाच घेत नाही, कारण नसलेल्या गोष्टीचं चित्र तयार होत नाही. उरतो तो माळ.

दुसरं कारण गोष्टीत हरवून जाण्याचं. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये वाचकांना एक कथा दिली आणि सांगितलं, की जिथे लेखक खोटं बोलतोय असं वाटेल तिथे गोल करा, पिनोकिओचं नाक जसं खोटं बोललं की वाढतं तसं. जे वाचक कथेत जास्त गुंतले होते त्यांनी कमी गोल केले. कथा खरी आहे की काल्पनिक, हे आधी सांगितल्यानं त्यांच्या गुंतण्यात फारसा फरक पडला नाही. मार्कुस आपेल आणि टोबियास रिश्टर यांना २००७ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: काल्पनिक कथेतून डोक्यात शिरलेल्या चुकीच्या समजुती दोन आठवड्यांनी कमी झाल्या नव्हत्या, उलट पक्क्या झाल्या होत्या.

म्हणजे जाणकार माणूस तरी सुरक्षित आहे का? पूर्णपणे नाही. ‘मोझेसनं आपल्या तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?’ असं विचारलं तर बायबलची गोष्ट माहीत असलेले बहुतेक लोक पटकन ‘दोन’ म्हणतात. तारू नोहाचं होतं हे त्यांना नीट ठाऊक असतं. १९८१ पासून हा प्रयोग ‘मोझेसचा भ्रम’ म्हणून ओळखला जातो. २०१७ मध्ये हाच प्रकार इतिहासाच्या आणि जीवशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांवर करून पाहिला गेला. आपापल्या विषयातल्या चुका त्यांनी जास्त पकडल्या, पण सगळ्या नाही. माहीत असणं आणि ऐन वेळी त्या माहितीशी ताडून बघणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. चित्रपट पुढे सरकत असताना दुसऱ्या कामाला वेळ मिळत नाही.

किल्ट आणि निळा रंग यांवर सर्वात जास्त लिहिलं गेलं, कारण त्या चुका डोळ्यांना दिसतात. पण मला त्या फारशा घातक वाटत नाहीत. चूक म्हणून गाजलेली गोष्ट लोकांच्या लक्षात चूक म्हणूनच राहण्याची शक्यता असते. आपल्याकडे २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हाही मोठा वाद झाला तो काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात त्या गाण्यावर. खरा धोका आवाज न करता येणाऱ्या चुकांचा आहे. ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये अँड्र्यू मरे नाहीच. उत्तर स्कॉटलंडमध्ये स्वतंत्रपणे उठाव उभा करणारा, स्टर्लिंगच्या लढाईचा बरोबरीचा सेनानी आणि तिथल्याच जखमेनं मेला असावा असा हा माणूस जगभरच्या कोट्यवधी प्रेक्षकांच्या दृष्टीनं कधी जन्मलाच नाही. चित्रपटात रॉबर्ट ब्रूस १२९८ च्या फॉल्कर्कच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं लढतो आणि वॉलेसचा घात करतो. ब्रूसनं आयुष्यात अनेकदा बाजू बदलली हे खरं, पण फॉल्कर्कला तो इंग्रजांकडून लढल्याचा पुरावा नाही. त्या लढाईनंतर इंग्रज सैन्य एअरला पोचलं तेव्हा तिथला किल्ला त्यानं आधीच जाळून टाकला होता. पुढे स्कॉटलंडचं स्वातंत्र्य ज्यानं मिळवलं त्याच्यावर हा कलंक बसला आणि प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना तो खटकला, कारण तो खटकण्यासाठी आधी ब्रूस माहीत असावा लागतो.

चित्रपटाची सुरुवात तर याहून विचार करायला लावणारी आहे. पहिल्याच मिनिटात निवेदक सांगतो, की इंग्लंडचे इतिहासकार मला खोटारडा म्हणतील, पण इतिहास लिहिणारे तेच आहेत ज्यांनी वीरांना फासावर दिलं. विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं, की विरोधी मताचा सौम्य डोस आधीच देऊन त्याचं खंडन करून ठेवलं तर पुढे खरा विरोध आला की माणूस त्याला बधत नाही. लस देण्यासारखंच हे. पटकथाकारानं मॅकग्वायर वाचला असेल असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच होतो: दुरुस्ती करणारा प्रत्येक इतिहासकार आधीच शत्रूच्या गोटात ढकलला जातो. त्यानंतर लगेच सांगितलं जातं, की १२८० मध्ये स्कॉटलंडचा राजा निपुत्रिक मेला होता. तिसरा अलेक्झांडर त्यावेळी जिवंत होता. तो १२८६ मध्ये गेला आणि इंग्रजांची स्वारी १२९६ मध्ये झाली.

आता उपायाकडे वळतो. आपल्याकडे ऐतिहासिक चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर पाटी येते: कथेत सर्जनशील स्वातंत्र्य घेतलं आहे, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही. बटलर यांच्या प्रयोगात अशाच पाटीची परीक्षा झाली. काही विद्यार्थ्यांना आधी सांगितलं, की चित्रपटात इतिहासाच्या चुका असू शकतात, सावध राहा. या इशाऱ्याचा जवळपास काहीच उपयोग झाला नाही. दुसऱ्या गटाला नेमकं सांगितलं, की या तुकड्यात अमुक व्यक्ती अशी दाखवली आहे, प्रत्यक्षात ती तशी होती. त्या गटाची चुकीची उत्तरं खूपच कमी झाली. याच विषयावरच्या २०१२ च्या आणखी एका अभ्यासात प्रेक्षकांना बघता बघता चुका शोधायला सांगितलं होतं. त्यांनी काही पकडल्या, बऱ्याच सुटल्या, आणि सुटलेल्या चुका नंतर खऱ्या म्हणून आठवल्या. नुसतं डोळे उघडे ठेवून भागत नाही. कुठे बघायचं ते कुणीतरी दाखवावं लागतं.

म्हणून शाळेत इतिहासाच्या तासाला चित्रपट दाखवायला माझी काहीच हरकत नाही, उलट दाखवावाच असं मला मनापासून वाटतं. दीडपट लक्षात राहण्याचा फायदा कोणतंही पाठ्यपुस्तक सहजासहजी देऊ शकत नाही. फक्त शिक्षकानं तुकडा लावण्याआधी तीन-चार नेमक्या गोष्टी फळ्यावर लिहाव्यात: इथे मरे दिसणार नाही, तो होता, ब्रूस इथे विश्वासघात करतो, त्याचा पुरावा नाही, राजकन्या इथे तरुण आहे, प्रत्यक्षात ती लहान मुलगी होती. निर्मात्यांनाही हे जमण्यासारखं आहे. शेवटच्या श्रेयनामावलीत शेकडो नावं सरकतात, त्यांच्या आधी पाच ओळींत कोणती व्यक्ती, कोणतं वर्ष आणि कोणता प्रसंग बदलला ते लिहिता येईल. आज जी पाटी असते ती न्यायालयासाठी असते आणि चित्रपटाच्या आधी येते; ही पाच ओळींची पाटी प्रेक्षकांसाठी असेल आणि चित्रपटानंतर, आठवणी अजून ताज्या असताना येईल.